माझ्या गोष्टींत तुम्ही का मरता

अहिल्यानगर, ५ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबा,

शिरसाष्टांग वगैरे लिहीत नाही, सध्या तुम्ही तो घेणार नाही. साधा नमस्कार.

माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन ठेवता, म्हणून मुद्दामहून पत्र लिहिते आहे. फोन ठेवता येतो. पत्र मात्र तुम्ही वाचल्याशिवाय राहणार नाही. निदान ऱ्हस्व-दीर्घ तपासायला तरी वाचाल. राजूरच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेला माणूस न तपासलेला कागद घरात ठेवूच शकत नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते.

वरदचा फोन आला होता. तो बिचारा नाशिकला बसून आपल्या दोघांमधला पोस्टमन झालाय आणि बहीण-बाप दोघांनाही वैतागलाय. त्यानं तुमच्या अटी सांगितल्या. एक तर ‘बाबा गेल्यावर’ ही कथा माझ्या संग्रहातून काढायची. ती काढायची नसेल तर मुखपृष्ठावरच्या माझ्या नावातून तुमचं नाव काढायचं. आणि दोन्हींपैकी काही होत नाही, तोवर २ फेब्रुवारीच्या प्रकाशनाला आई येणार नाही.

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. कथा काढणार नाही. नाव काढणार नाही. आणि आईनं यायचं की नाही, हे तुम्ही ठरवू नका.

‘हौशी लेखिका आणि बापाच्या जिवावर उठली,’ असं तुम्ही म्हणालात म्हणे. वाक्य चांगलं आहे. हौशी तर हौशी. पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या रक्ता-लघवीचे रिपोर्ट टाइप करायचे आणि डबा खाताना वहीत चार ओळी लिहायच्या, याला हौसच लागते. पगारी लेखक असते तर यापेक्षा बरी कामं मिळाली असती.

आता झालं ते. तुमच्या दारात काय घडलं ते तुम्हाला माहीत आहे. मला जसं कळलं तसं लिहिते, चुकलं तर सुधारा.

डिसेंबरात रविवारच्या पुरवणीत माझी कथा आली. पहिलं वाक्य, ‘बाबा गेले त्याला आज तेरा दिवस झाले.’ वर माझा फोटो, खाली लीना दत्तोपंत मुळे. त्याखाली पुरवणीवाल्यांनी पदरचं घातलं, ‘लेखिका राजूरच्या मुळे गुरुजींच्या कन्या आहेत.’ ही कथा आहे असं कुठंच छापलं नव्हतं, सदराचं नाव होतं ‘मनातलं’. यात माझा काय दोष?

तुमचा जुना विद्यार्थी गोरक्षनाथ, वरच्या वाडीतला, त्यानं ते वाचलं आणि हिशेब केला. आज तेरा दिवस झाले म्हणजे तेरावा आजच. गुरुजी गेले, आपल्याला कुणी कळवलं नाही, आता निदान तेराव्याला तरी पोचलं पाहिजे. त्यानं टेम्पो काढला, वाटेतल्या वाड्यांमधली तुमच्या हाताखालून गेलेली माणसं भरली, बाजारातून दुखवटा घेतला. वरदसाठी टोपी-टॉवेल, आईसाठी साडी. आणि आपल्या फाटकाशी उतरल्याबरोबर बायकांनी गळा काढला.

पुढचं मला गोरक्षनाथनंच सांगितलं. माफी मागायची तर कुणाची मागावी हे न कळून त्यानं मला फोन केला होता.

“ताई, गुरुजी वल्या पंच्यानं भाईर आलं. मला वाटलं, माजंच डोस्कं फिरलं. गुरुजी म्हन्ले, कोन गेलं रे? आता काय सांगू? म्या म्हनलं, तुमीच की गुरुजी. पेपरात आलंय.”

तुम्ही त्याच्या हातातला पेपर घेतलात, तसेच ओलेत्यानं उभे राहून सगळी कथा वाचलीत, आणि म्हणालात, “‘सहानुभूती’ चुकीचं छापलंय.” मग घरात जाऊन दार लावून घेतलंत. टेम्पोभर माणसांना आईनं चहा केला. दुखवटा तुम्ही परत पाठवलात.

एक गोष्ट मात्र तुम्ही वरदला सांगितली नाहीत, ती गोरक्षनाथच्या बायकोनं मला सांगितली. बायकांनी आईला मिठी मारली तेव्हा आईसुद्धा रडली. नवरा धडधाकट समोर उभा असताना.

गावात लोक ‘काय गुरुजी, बरं हाय ना?’ विचारतात आणि गालात हसतात, म्हणून तुम्ही दोन आठवडे देवळातही गेला नाहीत, हे कळलं. राग मी समजू शकते. पण ज्याच्या मरणाची अफवा उठते त्याचं आयुष्य वाढतं, असं तुम्हीच आम्हाला सांगायचात. तेव्हा माझे उपकारच माना.

तुमची, मधल्या नावासकट,
लीना


अहिल्यानगर, १४ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबा,

संक्रांत आहे. तिळगूळ पाठवला आहे, घ्या. गोड बोललंच पाहिजे असा आग्रह नाही.

माझंच पत्र परत आलं, लाल शाईनं तपासून. ‘मुद्दामहून’मधलं ‘हून’ खोडलंत, ते मान्य. गोरक्षनाथच्या तोंडी ‘वल्या’ लिहिलं, त्याच्याखाली रेघ मारून तुम्ही समासात ‘ओल्या’ लिहिलंत, ते अमान्य. तो तसंच बोलला. आणि शेवटी शेरा, ‘भाषा ओघवती. मुद्दा पटत नाही.’ गुण दिले नाहीत, ही तुमची दयाच.

मुद्दा पटत नाही म्हणता, तर मुद्दा सांगते.

संग्रहात अकरा कथा आहेत आणि त्यांतल्या नऊ कथांमध्ये तुम्ही मरता. तीनदा हृदयविकारानं, एकदा घाटात, एकदा नुसता ताप येऊन. बाकीच्यांत तर आधीच मेलेले आहात, भिंतीवर तसबीर आहे. नाव कधी गुरुजी, कधी अण्णा, कधी तात्या. पण चष्मा पुसायची तऱ्हा तुमचीच, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. इथल्या वाचनालयात आमचं साहित्यिक मंडळ भरतं, त्यात एक निवृत्त इंजिनियर मला म्हणाले, “मॅडम, तुमच्या लेखनात मृत्यूचं चिंतन आहे.” मी मान डोलावली. चिंतन कसलं, माझी अडचण होती.

ती अडचण अशी. अगदी पहिली कथा लिहायला घेतली, तेव्हा त्यातले गुरुजी ठणठणीत होते. डोंगरातलं गाव, गुरुजी, त्यांची बायको. घरात एक पाहुणी येते आणि विचारते, ‘काकू, तुम्हाला इथं करमतं का हो?’ काकू काय म्हणतात, ही माझी कथा होती. मी पेन टेकवलं तर काकूंच्या आधी गुरुजीच बोलले, ‘तिला काय न करमायला झालंय?’

मी ते खोडलं. पाहुणीला स्वयंपाकघरात पाठवलं. गुरुजी पाण्याचा तांब्या घ्यायला तिथं आले. मी गुरुजींना शाळेत धाडलं, तर त्या दिवशी रविवार निघाला. संगमनेरला लग्नाला धाडलं, तर जाताना बायकोला बरोबर घेऊन गेले. महिनाभर हा खेळ चालला होता. शेवटी कंटाळून मारलं.

आणि बाबा, मारल्याबरोबर ती बाई बोलायला लागली. मला लिहायला हात पुरेनात. एका कथेत तिनं घरात पहिल्यांदा लसूण आणला आणि झणझणीत पिठलं केलं. एका कथेत ती भंडारदऱ्याचं धरण बघायला गेली. जन्म राजुरात काढला आणि धरण पाहिलं नव्हतं, कारण ‘तिथं काय बघायचंय, पाणीच ना?’ असं कुणीतरी म्हणायचं. आणि ‘बाबा गेल्यावर’मध्ये तेराव्याच्या पंगतीत ती जमलेल्या नातेवाइकांना सांगते, ‘उद्यापासून मी पुढच्या खोलीत यांच्या कॉटवर झोपणार. तिथं वारा येतो.’ बस्स. एवढ्याशा वाक्यासाठी मला एक माणूस मारावा लागला. कथा तुम्ही ओलेत्यानं वाचलीत, म्हणून ते वाक्य तुमच्या नजरेतून सुटलं असेल.

तुम्ही म्हणाल, मी तिला कधी बोलू नको म्हटलं? कधीच नाही. तुम्ही आवाज चढवल्याचंसुद्धा मला आठवत नाही. तुम्ही वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं, वाईट नवऱ्यांच्या कथा पैशाला पासरी मिळतात. गेल्या वर्षी संगमनेरला हाडांच्या डॉक्टरकडे गेलो होतो ते आठवा. डॉक्टरनं आईला विचारलं, “आजी, कुठं दुखतं?” तुम्ही म्हणालात, “डावा गुडघा. जिना उतरताना. चढताना नाही.”

उत्तर अगदी बरोबर होतं. एखाद्या माणसाचा गुडघा इतका नीट ठाऊक असणं म्हणजे काय, हे मला कळतं. माझ्या संसारात माझा गुडघा कुणाला ठाऊक नव्हता. पण डॉक्टर तुमच्याकडे बघून लिहीत होते, मी तुमच्याकडे बघत होते, आणि आई भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता बघत होती.

म्हणून तुम्ही मरता. तुमच्यावर राग आहे म्हणून नाही. तुम्ही उठून गेल्याशिवाय तिला जागाच होत नाही.

माझ्या कथांत बाकी दोष पुष्कळ आहेत. शेवट कच्चे आहेत, उपमा कधीकधी उसन्या वाटतात, दोन कथा तर उगाच आहेत. त्यावर खुशाल लाल शाई ओता. पण ही एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी बघून लिहिली आहे आणि ती मी तुमच्या अब्रूसाठी खोडणार नाही.

लीना


अहिल्यानगर, २३ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबा,

दुसरंही पत्र तपासून आलं. ‘पैशाला पासरी’ला शाबासकीची खूण पाहून बरं वाटलं, लपवत नाही. पण सोबत तुमच्या वळणदार अक्षरातला तो कागद! संग्रहाच्या पहिल्या पानावर छापायचा मजकूर:

‘सदर संग्रहातील “वडील” ही व्यक्तिरेखा पूर्णतः काल्पनिक असून लेखिकेचे वडील श्री. दत्तोपंत मुळे हे सुस्थितीत आहेत.’

खाली वरदसाठी चिठ्ठी, की एवढं छापलं तर कथा आणि नाव दोन्ही राहू द्यायला हरकत नाही.

बाबा, मी तो कागद घेऊन छापखान्यात गेले. गनीभाई माझं पुस्तक छापतायत. एरवी त्यांच्याकडे लग्नपत्रिका आणि शाळांची प्रगतिपुस्तकं छापली जातात, कथासंग्रह पहिलाच. त्यामुळे ते प्रत्येक पान वाचतात आणि प्रत्येक पानावर बोलतात. त्यांनी तुमचा मजकूर वाचला आणि इतके हसले की मशीन बंद करावं लागलं.

“छापा ताई, छापाच. लोक दुकानात उभ्या उभ्या वाचतील. आन् एक बोलू का? तुमच्या गोष्टीत मानूस लई घाईनं मरतो. निदान च्या तरी पिऊन जाऊ द्या त्याला.”

मी म्हटलं, “गनीभाई, चहा पीत बसला की तो बोलत बसतो.”

“मग बोलू द्या की. बाई बी बोलंल मधी मधी. आमच्या घरात सकीना माझं ऐकून घेती व्हय?”

गनीभाईंना काय जातंय बोलायला. त्यांच्या घरात सकीनाभाभी बोलतात आणि गनीभाई छापखान्यात येऊन बसतात.

मी तो मजकूर छापणार नाही. तो छापला की सगळं पुस्तक म्हणजे एक विनोद होतो. लोक म्हणतील, म्हातारा जिवंत आहे, हाहाहा. आणि त्या बाईनं कॉटवर झोपायचं ठरवलं, ते हसण्यावारी जाईल.

नावाचं म्हणाल, तर तेही एकदा सांगून टाकते. माझा घटस्फोट झाला त्या वर्षी बँकेत नाव बदलायला तुम्ही माझ्याबरोबर आला होतात. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, “मॅडम, मधलं नाव काय टाकू?” मी फॉर्मवरची ती रिकामी चौकट बघत राहिले. तुम्ही मागून म्हणालात, “दत्तोपंत. ‘त्तो’ जोडाक्षर आहे, नीट लिहा.” त्या दिवशी माझ्याऐवजी तुम्ही उत्तर दिलंत आणि मला इतकं बरं वाटलं की मी पासबुकाआड तोंड लपवून रडले. तेव्हा तुमच्या त्या सवयीचं मला काहीच कळत नाही असं समजू नका. तिनं मला तारलंय. पण ते नाव तुम्ही चारचौघांत, खिडकीपाशी मला दिलंत. दिलेलं नाव परत मागायचं नसतं. काल गनीभाईंनी मुखपृष्ठ काढलं. वर पुस्तकाचं नाव, तेच ‘बाबा गेल्यावर’, आणि खाली लीना दत्तोपंत मुळे, पूर्ण. तुम्हाला कोर्टात जायचं असेल तर जा.

तरीही तुमच्या मजकुराला मी सरळ नाही म्हणत नाही. माझी एक अट आहे, तुमच्या तीन होत्या. तुम्ही सुस्थितीत आहात, हे आईला लिहून देऊ दे. तिच्या शब्दांत, तिच्या अक्षरात. ती लिहील ते मी जसंच्या तसं छापते, काना-मात्रासुद्धा बदलत नाही. गनीभाई पहिलं पान रिकामं ठेवायला तयार आहेत.

पण ती लिहीत असताना तुम्ही शेजारी बसायचं नाही.

लीना


अहिल्यानगर, ४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबा,

आई पोचली, हे वरदनं तुम्हाला कळवलंच असेल. ती सुखरूप आहे. आत्ता माझ्या बाल्कनीत लसूण सोलत बसली आहे. तुम्हाला धक्का बसावा म्हणून लिहिलं नाही, खरंच सोलते आहे.

तुमच्याकडून कागद आला नाही म्हणून पहिलं पान कोरंच राहिलं. रविवारी सकाळी मी हॉलसाठी हार आणायला निघाले होते तर दारात ही! राजूरहून संगमनेर, तिथं गाडी बदलून नगर, हातात कापडी पिशवी. संगमनेरच्या पुढं ती आजवर एकटी आली नव्हती. मी घाबरून विचारलं, बाबा ठीक आहेत ना? ती म्हणाली, “तेच सांगायला आले.”

घरातलं मला तिच्याकडून कळलं. तुम्ही तिच्यापुढं कागद ठेवलात आणि ‘लिही’ म्हणालात. शेजारी बसला नाहीत, शब्द पाळलात. दारात उभे राहिलात. ती म्हणाली, “लिहायचं कशाला? तिथं जाऊनच सांगते.” तुम्ही म्हणालात, “एकटी?” ती म्हणाली, “तुम्हाला यायचंय?” आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत. हे तिनं सांगितल्यावर मी तीनदा विचारलं, खरंच काही बोलले नाहीत?

आता कार्यक्रमाचं. खुर्च्या निम्म्या भरल्या होत्या, आमच्या मंडळाच्या मानानं ही गर्दीच. मी ‘बाबा गेल्यावर’ वाचून दाखवली. वाचताना आईकडे बघत नव्हते, धीर नव्हता. कॉटचं वाक्य आलं तेव्हा मात्र बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी मी पाढे म्हणताना बघायची तशी, चुकते का याच्याकडे लक्ष ठेवून.

टाळ्या झाल्या. मग त्या इंजिनियरांना सुचलं, लेखिकेच्या मातोश्रींनी दोन शब्द बोलावेत. मी नको नको म्हणेपर्यंत ती उठून उभीसुद्धा राहिली. माइक तिनं हातात घेतला नाही. आवाज सगळ्या हॉलभर पोचला. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

“हिचे वडील सुस्थितीत आहेत. पहाटे निघताना त्यांच्यासाठी आमटी-पोळी करून ठेवून आले. गोष्ट बरी लिहिली आहे हिनं. पण ती बाई काही मी नाही. मला बोलायचंच असतं, तर मी नवरा मरायची वाट बघत बसले नसते.”

हॉल हसून हसून लोळला. गनीभाईंनी तर शिट्टी वाजवली. मी हातात स्वतःचं पुस्तक घेऊन, गळ्यात हार घालून उभी होते आणि माझा पाणउतारा माझ्याच प्रकाशनात होत होता. बाबा, तुम्ही तिथं असता तर तुम्हाला फार आनंद झाला असता.

घरी आल्यावर मी तिच्याशी बोलले नाही. काल सकाळी चहा पिताना राहवेना. म्हटलं, “मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?”

“बोलत होते की.”

“कधी?”

“रोज. तुझं लक्ष कुठं होतं? ते काय म्हणतात, ते कुठं बघतात, त्यांना आवडेल का. सगळं लक्ष तिकडं. डॉक्टरकडे मी म्हटलं होतं, मानसुद्धा दुखते. तू ऐकलंस? आता एवढ्या गोष्टी लिहिल्यास, त्याही त्यांच्याच. मेले तरी त्यांच्याच. पुस्तकाचं नावसुद्धा त्यांचंच ठेवलंस.”

आणि कप विसळायला उठून गेली.

मी तुम्हाला स्वच्छ सांगते, मला राग आला. अजून आहे. ती म्हणाली ते सगळंच खरं आहे असं मी मानत नाही. डॉक्टर तुमच्याकडे बघून लिहीत होते, हे मी पाहिलं होतं आणि त्यावरून मी मागे हटणार नाही. कथेतला एक शब्दही बदलणार नाही. पुढची आवृत्ती निघालीच, तरी तुम्ही तिच्यातही मराल.

पण काल दुपारी लॅबमध्ये तुम्हाला हे पत्र लिहायला घेतलं, वरती ‘तीर्थरूप बाबा’ लिहिलं आणि हात थांबला. जानेवारीपासून एवढी पत्रं झाली. सगळी आईबद्दल, आणि सगळी तुम्हाला. तिला मी एक ओळ पाठवली नाही. तिनं यावं की नाही हेसुद्धा मी तुम्हालाच ठणकावत बसले, तिला नुसतं ‘ये’ म्हटलं नाही.

तेव्हा हे तुम्हाला माझं शेवटचं पत्र. भांडून थकले म्हणून नाही, तुमच्याशी भांडायला मला आवडतं आणि तुमच्या शाबासकीची खूण मी अजून जपून ठेवली आहे. पण आता वेळ दुसरीकडे द्यायचाय.

आई गुरुवारी निघेन म्हणते. गुरुवारच का, ते ती आल्यावर तिलाच विचारा. आणि ती सांगत असेल तेव्हा मध्ये बोलू नका.

लीना


अहिल्यानगर, ११ फेब्रुवारी २०२५

बाबा, पाकीट तुम्हीच फोडलं असणार. वरचं नाव पुन्हा वाचा. सौ. जया दत्तोपंत मुळे. हे पत्र तुम्हाला नाही. तिच्या हातात द्या, तिचा चष्मा शोधून द्या आणि फेरफटका मारून या.

आई,

तू हॉलमध्ये बोललीस ते मला मुळीच आवडलेलं नाही. लेकीला असं चारचौघांत आपटत नाहीत. त्याबद्दल मी रुसलेली आहे आणि तिळाएवढीही माफी मागणार नाही, तूही मागू नकोस. लोक छापखान्यात येऊन ‘ते म्हातारीचं पुस्तक’ म्हणून मागतात, असं गनीभाई सांगत होते. माझं पुस्तक, आणि म्हातारीचं!

पण तू गेल्यापासून माझी पंचाईत झाली आहे. नवीन कथा लिहायला बसले. नवरा जिवंत ठेवला आहे. तो ओसरीवर बसलाय, पेपर वाचतोय, खोकतोय, त्याचं त्याला चाललंय. मी त्याला कुठंही धाडलं नाही. आतून बायको काहीतरी म्हणते. तो ऐकतो किंवा ऐकत नाही, ते मी नंतर बघीन. पण ती काय म्हणते, तेच मला येत नाही. चार दिवस तेच एक वाक्य लिहिते आणि खोडते. जे लिहिते ते माझंच निघतं. मोठमोठी वाक्यं, मंडळात टाळ्या पडतील अशी. तू तसं बोलत नसणार.

मला तुझं बोलणं माहीत नाही, आई. एवढी वर्षं एका घरात काढून माहीत नाही, आणि याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग आहे.

तू लिही. शुद्धलेखनाची काळजी करू नकोस, तो विषय तुमच्या घरी कुणाला द्यायचा ते तुझं तू बघ. जुनं सगळं काढायला बसू नकोस, ते मला एकदम झेपणार नाही. आज सकाळी काय म्हणालीस, तिथून सुरू कर.

लीना